प्रभू येशू 'जगाचा प्रकाश' म्हणजे नेमकं काय? (आगमनकाळानिमित्त चर्चा)

बेथेलकर

जय ख्रिस्त मंडळी, आणि इतर सर्वांना नमस्कार.

आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचे चार आठवडे, सुरू झालाय. जालन्यात घराघरांवर चांदण्या लागल्या, चर्चवर लाईटच्या माळा चढल्या. आमच्या तरुण संघाच्या बायबल अभ्यासाला यंदा 'प्रकाश' हा विषय आहे आणि तो मांडायचं काम माझ्याकडे आलंय. तयारी करता करता एक गोष्ट मनात पक्की होत गेली. ती इथे मांडते. भर घाला, पटलं नाही तिथे अडवा.

आपल्याकडे उपदेशात, प्रार्थनेत, वाढदिवसाच्या शुभेच्छांत प्रकाश येतो तो आशीर्वाद म्हणून. 'प्रभू तुमचं जीवन प्रकाशमय करो.' म्हणजे अडचणी सुटोत, मुलाला नोकरी लागो, दुखणं बरं होवो. यात वाईट काही नाही. पण शास्त्रात प्रकाश आला की आधी दिसायला लागतं, आणि दिसतं ते नेहमी सुखाचंच असतं असं नाही. योहान ३ मध्ये म्हटलंय, प्रकाश जगात आला, पण माणसांना अंधारच जास्त आवडला, कारण त्यांची कामं वाईट होती; वाईट करणारा उजेडाकडे येत नाही, उघडं पडायची भीती वाटते म्हणून. हे येतं निकदेम या यहुदी पुढाऱ्याच्या प्रभूशी झालेल्या भेटीत. आणि निकदेम रात्री आला होता, हे योहान आठवणीने सांगतो.

शौलाचं बघा, जो पुढे पौल झाला. दिमिष्काच्या वाटेवर आकाशातून प्रकाश चमकला, आणि झालं काय? तीन दिवस त्याला दिसेना. अन्नपाणी नाही. सोबतच्यांनी हाताला धरून गावात नेलं. आयुष्यभर ज्याला आपण बरोबर समजत होतो ते चुकीचं होतं, हे एकदम दिसलं की माणसाचे डोळे असेच मिटत असतील.

दुसरी गोष्ट उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातली. 'प्रकाश होवो' हे पहिल्या दिवशी, आणि सूर्य-चंद्र चौथ्या दिवशी. मुलं हे हमखास विचारतात आणि आपण विषय बदलतो. बदलू नये. आजूबाजूला मिसर (इजिप्त) होतं, बाबेल (बॅबिलोन) होतं, तिथे सूर्य-चंद्र देव होते. हा अध्याय त्यांची नावंसुद्धा घेत नाही, एक मोठी ज्योती आणि एक लहान ज्योती एवढंच म्हणतो. प्रकाश देवाच्या शब्दाने आला. सूर्य त्या प्रकाशाचा मालक नाही, त्याला नेमून दिलेलं काम तो करतो. आणि शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरण २१ मध्ये, त्या नगराला सूर्याची गरजच उरत नाही, कोकरा, म्हणजे ख्रिस्त, हाच त्याचा दिवा. पहिल्या पानावर सूर्याआधीचा प्रकाश, शेवटच्या पानांवर सूर्यानंतरचा.

माझं म्हणणं एवढंच, की ख्रिस्ती विश्वासात प्रकाश म्हणजे आधी देवापुढे आणि स्वतःपुढे खरं दिसणं, आणि मग त्या दिसण्याप्रमाणे चालणं. बाकीचा आनंद त्याच्या मागून येतो. तुम्हाला काय वाटतं?

छावणी

ताई, उत्तम धागा. मी कॅथलिक, संभाजीनगरचा, चर्चच्या गायनवृंदात गातो. प्रकाश म्हटलं की सगळे नाताळावर थांबतात, म्हणून जरा पुढचं सांगतो. आमच्यासाठी प्रकाशाची सर्वांत मोठी रात्र पुनरुत्थानाच्या आदल्या रात्रीची, जागरणविधीची.

चर्चमधले सगळे दिवे बंद असतात. लोक बाहेर अंगणात उभे. तिथे नवा अग्नी पेटवतात आणि फादर त्याला आशीर्वाद देतात. मग पास्काची, म्हणजे पुनरुत्थानाच्या सणाची, मेणबत्ती आणतात, चांगली हातभर उंच, मनगटापेक्षा जाड. तिच्यावर क्रूस कोरतात, वर अल्फा, खाली ओमेगा ही ग्रीक वर्णमालेतली पहिली आणि शेवटची अक्षरं, आणि क्रूसाच्या चार कोपऱ्यांत चालू वर्षाचे चार आकडे. धूपाचे पाच दाणे क्रूसाच्या आकारात टोचतात, ते प्रभूच्या पाच जखमांचे. ज्या मेणबत्तीतून उजेड येणार तिच्यावर आधी जखमा दाखवल्या जातात, हे मला दरवर्षी हलवून सोडतं.

मग अंधाऱ्या चर्चमध्ये मेणबत्ती आत जाते. तीन ठिकाणी थांबून 'ख्रिस्ताचा प्रकाश' असं गायलं जातं, आपण उत्तर देतो 'देवाला धन्यवाद'. तिच्यावरून लोक आपापल्या मेणबत्त्या पेटवतात, शेजारचा शेजारच्याला देतो. त्यानंतर जे मोठं स्तुतिगान होतं त्यात त्या मेणासाठी राबलेल्या मधमाश्यांचीसुद्धा आठवण काढतात. पुढे वर्षभर बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाच्या नावाची मेणबत्ती याच मोठ्या मेणबत्तीवरून लावतात, आणि माणूस गेला की अंत्यविधीत तीच शवपेटीजवळ उभी असते.

तुमच्या मुद्द्याला धरून सांगायचं तर, या रात्री उजेड वरून एकदम पडत नाही. तो हातातून हातात येतो. समोरच्याने वाकून दिला तरच मिळतो.

माजलगावचा शेतकरी

जय ख्रिस्त ताई. आमच्या गावात चर्चची इमारत नाही, सात-आठ घरची माणसं एकाच्या ओसरीवर जमतोत. मला शास्त्र लई येत नाही पण स्तोत्र ११९ मधलं ते वचन रोज अनुभवायलोय, तुझं वचन माझ्या पावलांसाठी दिव्यासारखं.

आमच्याकडं थ्री फेज लाईट आठवड्याआड रात्रीची असते. स्टार्टर चालू करून हरभऱ्याला, उसाला दारं धरायची तर कपाळाला बॅटरी बांधून जावं लागतं. त्या बॅटरीत पूर्ण वावर दिसत नाही. पाय टाकायची जागा दिसते, एक सरी दिसते, बांधावर काही वळवळलं तर दिसतं. पलीकडचं टोक दिसावं म्हणून बॅटरी वर धरली की पाय चुकतो. घोणस असती, नाग असतो, रात्रीच्या पाण्यात माणसं गेलेली आहेत आमच्या भागात.

तर देवाकडं मी पूर्ण वावर उजळून मागत होतो. पुढच्या वर्षी पाऊस पडंल का, पोरीचं लग्न कसं होईल, कर्ज कधी फिटंल. वचन मला पावलापुरतंच दाखवतंय, आणि पावलागणिक दाखवतंय. मला हेच समजलंय.

बेथेलकर

दादा, हे तुमच्या परवानगीने अभ्यासात सांगणार आहे. स्तोत्रकर्त्याच्या डोळ्यापुढचा दिवासुद्धा एवढाच होता. त्या काळचे पॅलेस्टाईनमधले मातीचे दिवे उत्खननात ढिगाने सापडलेत. तळहातावर मावतील असे, ऑलिव्हचं तेल, एक वात. त्यात खोली उजळायची नाही, पुढचं पाऊल मात्र दिसायचं.

छावणीदादा, हातातून हातात येणारा उजेड हे फार आवडलं. आम्हा प्रोटेस्टंट मंडळींत पास्काची मेणबत्ती नसते, पण पुनरुत्थानदिनी पहाटे आम्ही दफनभूमीत जातो, आपापल्या माणसांच्या कबरींवर मेणबत्त्या लावतो आणि उजाडताना गाणी म्हणतो. कबरीवर उभं राहून सूर्योदय बघायचा, मग घरी जाऊन गोडधोड.

आता योहान ८:१२ बद्दल. 'मीच जगाचा प्रकाश आहे' हे प्रभूने कुठे उभं राहून म्हटलं ते बघण्यासारखं आहे. आदला अध्याय मंडपाच्या सणाचा आहे. यहुदी लोकांच्या मिश्ना या जुन्या नियमग्रंथामध्ये त्या सणाच्या रात्रींचं वर्णन आलंय: मंदिराच्या स्त्रियांच्या अंगणात सोन्याचे उंचच उंच दीपवृक्ष, प्रत्येकावर चार वाडगे, शिड्या लावून तरुण याजक त्यांत घागरीने तेल ओतायचे. वाती कशाच्या, तर याजकांच्या जुन्या झालेल्या कपड्यांच्या. यरुशलेमेत असं एकही अंगण उरायचं नाही जिथे तो उजेड पोचला नाही, असं म्हटलंय. वाळवंटातल्या प्रवासात रात्री पुढे चालणाऱ्या अग्निस्तंभाची आठवण त्या सणामागे होती. आणि योहान ८:२० सांगतो की प्रभू हे मंदिराच्या खजिन्याजवळ बोलला. तो खजिना याच अंगणात होता! अख्खं शहर उजळणाऱ्या त्या दिव्यांच्या जागी उभं राहून एक गालीलकर म्हणतो, मी जगाचा प्रकाश. जो माझ्यामागे चालतो तो अंधारात चालणार नाही. ऐकणाऱ्यांना अग्निस्तंभ आठवला नसेल असं होणारच नाही. तो स्तंभसुद्धा बघत बसायला नव्हता, त्याच्यामागे चालायला होता.

पैठणकर

मी वारकरी घरातला. नाथांच्या गावचा. चर्चा आवडली म्हणून लिहितो. दोन प्रश्न आहेत, राग मानू नये. २५ डिसेंबर हा मुळात सूर्याचा सण होता असं वाचतो, ते खरं का? आणि देव प्रकाश, येशूही प्रकाश, मग दोन प्रकाश झाले का?

छावणी

राग कसला, काका. बायबलमध्ये जन्माची तारीख नाही. २५ डिसेंबरची सर्वांत जुनी नोंद रोममधली, इ.स. ३३६ ची. रोममध्ये त्याच सुमारास सूर्याचाही उत्सव होता, कोणाचा कोणावर परिणाम झाला यावर अभ्यासकांत एकमत नाही. उत्तर गोलार्धात तेव्हा दिवस मोठा व्हायला लागतो, आणि ख्रिस्ती लोकांना त्यात अर्थ दिसला, एवढं नक्की.

दुसरा प्रश्न मोठा आहे. त्यावर इ.स. ३२५ मध्ये निकिया इथे धर्मपरिषद भरली होती. अरियस नावाचा धर्मगुरू म्हणत होता की पुत्र हा देवाने निर्माण केलेला, देवापेक्षा खालचा. परिषदेने जो विश्वासांगीकार ठरवला त्यात शब्द आले, 'देवापासून देव, प्रकाशापासून प्रकाश'. आम्ही ते आजही मिस्सामध्ये, म्हणजे आमच्या मुख्य उपासनेत, म्हणतो. एका ज्योतीवरून दुसरी लावली तर पहिली उणी होत नाही आणि दुसरी वेगळ्या जातीची होत नाही, हा दाखला दुसऱ्या शतकातल्या जस्टिन मार्टरनेच देऊन ठेवला होता. दाखला म्हणून ठीक आहे, देवाचं गूढ त्यात संपत नाही.

आणि तुमच्याकडे गाभाऱ्यात नंदादीप असतो ना, तसा आमच्याकडे पवित्र साक्रामेंत (मिस्सात ख्रिस्ताचं शरीर मानलेली भाकर) ठेवलेल्या पेटीजवळ एक दिवा अखंड तेवत असतो, बहुधा लाल काचेतला. दर्शनाला कधी आलात तर बघा.

नागसेनवन

मी मिलिंद महाविद्यालयाचा माजी विद्यार्थी, बौद्ध. चर्चा मनापासून चाललीय म्हणून माझंही मनापासूनच सांगतो.

आम्हाला लहानपणापासून 'अत्त दीप भव' शिकवलं. स्वतःच स्वतःचा दीप हो. तुमच्याकडे प्रकाश बाहेरून येतो, एका व्यक्तीकडून. त्यात माणसाचं स्वतःचं बळ कमी होत नाही का? आणि दुसरं जास्त टोचणारं. मिशनची जुनी भाषा तुम्हीही वाचली असेल: 'अंधारात पडलेले लोक', 'काळोखातला देश'. तो काळोख म्हणजे आमचे आजे-पणजे. त्यांना अंधारात ठेवलं होतं जातीने, हे खरंच आहे. पण मिशनची शाळा, दवाखाना मिळालेल्या आमच्याच भाऊबंदांना चर्चमध्येही कधीकधी वेगळ्या बाकावर बसावं लागलं, हेही घरात ऐकलंय. मग प्रकाश कुठे होता?

बेथेलकर

दादा, या प्रतिसादासाठी आभार. सविस्तर उत्तर देते.

माझं नावच बेथेलकर आहे. जालन्याजवळचं बेथेल हे गाव रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी १९व्या शतकात वसवलं. ते स्वतः ब्राह्मण घरातून आलेले, आणि गावात आली ती बरीचशी मांग-महार कुटुंबं. त्यांना तिथे जमीन, शाळा, विहीर मिळाली. माझा विश्वास त्या गावाच्या ऋणात आहे. पण मिशनरी अहवालांतली ती भाषा मीही वाचलीय, आणि ती मला खुपते. योहान १:९ म्हणतं, खरा प्रकाश प्रत्येक मनुष्याला प्रकाश देतो. प्रत्येक. मग समोरचा माणूस म्हणजे नुसता काळोख, असं म्हणायची सोय शास्त्रात उरत नाही.

त्याहून कडक वचन १ योहान २:९. 'मी प्रकाशात आहे' असं म्हणून जो आपल्या भावाचा द्वेष करतो, तो अजूनपर्यंत अंधारातच आहे. हे पत्र बाहेरच्यांना लिहिलेलं नाही. मंडळीला लिहिलंय. शास्त्राप्रमाणे बघितलं तर त्या वेगळ्या बाकाच्या चर्चमध्ये अंधार होता, आणि तो वेदीच्या मेणबत्त्यांनी जाणारा नव्हता. आजही लग्न जमवताना 'मूळचे कोण' हे विचारलं जातं. भजनात 'ख्रिस्ती सगळे एक' आणि सोयरिकीत जात. मला याची चीड येते, आणि अभ्यासात हे मी नाव घेऊन बोलणार आहे. प्रकाशात येणं म्हणजे उघडं पडणं, असं वर लिहिलं ते मंडळीलाही लागू आहे, किंबहुना आधी मंडळीला.

तुमचा पहिला प्रश्न राहिला. फरक आहे, तो मी पुसणार नाही. आमच्या विश्वासात मूळ ज्योत आमची नाही, ती मिळालेली आहे. पण मिळाली म्हणून माणूस हात जोडून बसतो असं नाही. ज्याने 'मी जगाचा प्रकाश' म्हटलं त्यानेच डोंगरावर कोळी, शेतकरी, आजारी, कफल्लक माणसांना म्हटलं, 'तुम्ही जगाचा प्रकाश आहा.' होणार आहात असं नाही, आहा. आणि लगेच म्हटलं, दिवा मापाखाली ठेवू नका, दिवठणीवर ठेवा. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या मापाखाली ठेवलं होतं त्यांच्या कानांवर हे वाक्य काय पडलं असेल! बाबासाहेबांनी दिलेल्या वाटेचा मला आदर आहे, आणि या एका ठिकाणी आपण फार लांब नाही असं मला वाटतं.

नागसेनवन

सोयरिकीचं नाव घेऊन बोलणार म्हणालात, ते करा. तेवढं झालं तरी पुष्कळ. फरक फरकाच्या जागी राहू द्या, मला तो चालतो.

लातूर संडेस्कूल

मुलांना शिकवणाऱ्यांसाठी एक मुद्दा. प्रकाश-अंधार शिकवताना आम्ही चित्रं काढायला दिली. बहुतेक मुलांनी येशू गोरापान, निळ्या डोळ्यांचा काढला आणि सैतान काळा. वर्गातली एक सावळी मुलगी आपला कागद झाकून बसली होती. तिने देवदूत काढला होता आणि त्याला पांढरा रंग द्यायला तिला जमत नव्हतं, कारण तिने तो स्वतःसारखा काढला होता.

प्रकाश म्हणजे गोरा रंग नाही, हे बोलून सांगावं लागतं. प्रभू पश्चिम आशियातला यहुदी सुतार होता, उन्हात राबणारा. आणि २ करिंथ ११:१४ मध्ये पौल बजावतो की सैतान स्वतः तेजस्वी देवदूताचं सोंग घेतो. म्हणजे चकचकीत दिसणं ही काही खूण नाही. आता आम्ही मुलांना सगळे रंग देतो आणि आधी हे दोन्ही सांगतो.

सावली

बरेच दिवस वाचत होते, लिहावं की नाही कळत नव्हतं.

यंदा माझा धाकटा भाऊ गेला. कसा गेला ते लिहीत नाही. तेव्हापासून मंडळीतलं जो येतो तो म्हणतो, धीर धर, प्रकाश येईल, प्रभू अंधार घालवेल. त्यांची माया मला कळते. पण आता ते वाक्य ऐकलं की घशात काहीतरी अडकतं. आईने यंदा चांदणी लावू नको म्हटलं आणि मला बरं वाटलं. प्रार्थनेला बसते, काहीच दिसत नाही, काहीच ऐकू येत नाही. प्रकाश म्हणजे दिसणं असं तुम्ही म्हणता. मला काहीच दिसत नसेल तर माझा विश्वास गेला असं समजायचं का?

औसेकर

ताई, नाही.

मी किल्लारीच्या बाजूचा. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या आधी भूकंप झाला तेव्हा लहान होतो. अंधारात सगळे एकमेकांची नावं घेऊन ओरडत होते. उजाडलं आणि तेव्हा दिसलं काय काय गेलं. उजेड मला तेव्हा नको होता. पुढे कितीतरी महिने मोठी माणसं बोलायचीच नाहीत. आम्हाला कोणी वचनं सांगितलेली आठवत नाहीत, पत्र्याच्या शेडमध्ये भाकरी घेऊन येणाऱ्या बाया आठवतात. त्या कुठल्या धर्माच्या होत्या ते तेव्हा कळत नव्हतं. तुमच्याकडे असं कोणी येतंय ना? येत नसेल तर इथे सांगा.

बेथेलकर

सावलीताई, तुमचा विश्वास गेलेला नाही.

स्तोत्र ८८ वाचा. दीडशे स्तोत्रांत रडणारी पुष्कळ आहेत, पण जवळजवळ सगळी शेवटाला कुठेतरी वळतात, 'तरी मी तुझी स्तुती करीन' म्हणतात. हे वळत नाही. 'मी रात्रंदिवस तुझ्यापुढे ओरडतो' असं सुरू होतं, तू मला खोल खड्ड्यात टाकलंस, माझे सोबती दूर केलेस, असं देवालाच सुनावतं, आणि अंधारावरच संपतं. पुढे सांत्वनाची एक ओळ नाही. आणि हे मंदिरात गायचं गीत होतं. ज्यांनी शास्त्र जपलं त्यांनी त्याला गोड शेवट जोडला नाही, तसंच ठेवलं, म्हणजे तुमच्यासारख्या माणसाला प्रार्थनेत म्हणायला शब्द असावेत.

दुसरं, देव फक्त उजेडातच असतो असं शास्त्र म्हणत नाही. निर्गम २० मध्ये लोक लांब उभे राहिले आणि मोशे दाट अंधाराजवळ गेला, 'तेथे देव होता'. स्तोत्र १३९ म्हणतं, अंधारही तुला अंधार नाही. ताई, तुम्हाला दिसत नाही एवढ्यावरून तुम्ही त्याला दिसत नाही असं होत नाही. आणि प्रभूच्या मरणाच्या दिवशी दुपारी बारापासून तीनपर्यंत देशभर अंधार पडला, त्या अंधारात तो स्वतः 'माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास' असं ओरडला. ज्याला आपण प्रकाश म्हणतो तो तिथेही होता, बाहेर उभा राहून बघत नव्हता.

वर मी लिहिलं होतं की प्रकाश म्हणजे आधी दिसणं. तुमचं वाचून त्यात भर घालते: कधी आपल्याला दिसतं, कधी आपण फक्त बघितले जातो. दोन्ही प्रकाशातच.

चांदणी लावू नका. कोणी विचारलं तर उत्तर द्यायची गरज नाही.

छावणी

ताईंच्या म्हणण्याला जोडून एकच. झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, स्वतःला काही करावंसं मनात येत असेल तर १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या, नंबरवर बोला. फुकट आहे, मराठीत बोलतात. डॉक्टरकडे जाणं म्हणजे विश्वास कमी असणं नव्हे, हे आमचे फादरही वेदीवरून सांगतात.

माजलगावचा शेतकरी

सावलीताई, तुमचं नाव गाव नको. रविवारी आमच्या ओसरीवर तुमच्यासाठी आणि तुमच्या आईसाठी प्रार्थना होईल. वचन सांगणार नाही.

सावली

सगळ्यांचे आभार. छावणीदादा, नंबर लिहून घेतलाय.

औसेकरदादा, शेजारच्या एक काकू रोज संध्याकाळी येतात. मुसलमान आहेत. काही बोलत नाहीत, आईजवळ बसून भाजी निवडतात आणि जातात.

स्तोत्र ८८ वाचलं. आईला वाचून दाखवलं. भाऊ गेल्यापासून ती प्रार्थनेत तोंड उघडत नव्हती, ती म्हणाली परत वाच. नाताळच्या आधीच्या रविवारी वाचनाची पाळी आमच्या घराची आहे. पाळकांना विचारणार आहे की हे वाचलं तर चालेल का.

बेथेलकर

जरूर विचारा. ते म्हणाले की नाताळच्या तोंडावर असं वाचन बरं दिसत नाही, तर यशया ९ त्यांच्यासमोर ठेवा. दर नाताळला आपण तिथून 'अंधारात चालणाऱ्या लोकांनी मोठा प्रकाश पाहिला' हे वाचतो. त्याच्या आधीचा, आठव्या अध्यायाचा शेवट त्यांना वाचायला सांगा, तिथे भुकेलेले, त्रासलेले लोक आणि नुसता काळोख आहे. दोन्ही एकाला एक लागून आहेत. आमच्या अभ्यासात मी आता स्तोत्र ८८ पहिल्याच दिवशी घेतेय, उत्पत्तीच्याही आधी. शनिवारी संध्याकाळी सहाला आहे, जालन्यात कोणी असेल तर या. नागसेनवनदादा, तुम्हालाही बोलावणं आहे. सोयरिकीचा विषय दुसऱ्या शनिवारी घेतलाय.